अर्धी ताकद खाली यायला

थर चढायला लागले की सगळं जग वर बघतं. तुम्हीही बघितलं असेल, मान मागे टाकून, मोबाइल उंच धरून. आमचे काका मात्र खाली बघायचे. रस्त्यावर उकिडवं बसून, एक हात जमिनीला टेकवून, खालच्या थराच्या पायांकडे. आणि जेमतेम आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "अर्धी ताकद खाली येवक ठेव गो."

घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीत मुलींचं गोविंदा पथक आहे. काका त्याचे प्रशिक्षक. कोणी त्यांना 'प्रशिक्षक' म्हटलं की ते मागे वळून बघायचे, कोण आलंय म्हणून. पोटापाण्यासाठी ते अंधेरीच्या एका ऑफिसात लिफ्टमन होते. दिवसभर लोकांना वरखाली करायचे आणि स्वतः राहायचे बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. आम्ही त्यावरून चिडवलं की म्हणायचे, "वर नेणां सोपां असता. माणूस सुखरूप खाली इलो की माझी ड्युटी संपता."

'खर्च' हा शब्द त्यांच्या तोंडी फार, पण पैशांबद्दल कधीच नाही. ते श्वास खर्चायचे, पाय खर्चायचे, आवाजसुद्धा खर्चायचे. सरावात कोणी किंचाळली की लगेच, "गळो कित्याक खर्चतंस? उद्या काय बोलशील?" घरी जाताना जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्यांची चौकशी करायचे. तुळस कशी आहे, मोगऱ्याला कळ्या आल्या का. आम्हाला वाटायचं, कोकणातला माणूस, झाडांची हौस असणारच.

संध्याकाळी कामावरून आलो की सराव असायचा. मी मेडिकलच्या दुकानात दिवसभर उभी असायचे, वरून हा छळ. बाकीची पथकं थर लावायचा सराव करतात, आम्ही उतरायचा करायचो. सगळ्यात वर सोनल, सोळा वर्षांची, आमच्यात सगळ्यात हलकी. तिने हात वर करून सलामी दिली की काका साठपासून उलटे आकडे मोजायला लागायचे, सावकाश, चहा पीत असल्यासारखे. खांदे पेटायचे. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचे, आता खोटं कशाला बोलू?

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, हंडी फुटली की संपलं ना! मग कशाला मोजताय?"

"वर पोचापर्यंत कोण पडत नाय, चेडवा. मगे सगळ्यांका वाटता, झाला. आणि पाय सोडतत."

हंडीच्या दिवशी त्यांचा एकच नियम होता, सकाळी नाचायचं नाही. दुसरी पथकं डीजेवर घाम काढत असायची आणि आम्ही सावलीत बसून केळी खायचो. लोक हसायचे. काका म्हणायचे, "नाचायचं तर शेवटची हंडी उतरल्यावर नाचा."

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच सहा थर लावणार होतो. सकाळी काका हंडीची जागा बघायला पुढे गेले. कोपऱ्यावर डीजे लागला होता. एकच गाणं नाचू म्हणून मी गेले आणि पाऊण तास नाचले. बाकीच्या बसून होत्या. काका परत आले, आमच्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, "सगळ्या बसून होतात मा?"

सगळ्यांच्या आधी मी "हो" म्हटलं. बाकीच्या केळ्यांच्या साली गोळा करायला लागल्या.

खालच्या थरात उभं राहिलं की दिसत काहीच नाही. समोरच्या मुलीची मान, तिच्या केसांचा रबर, बस्स. किती थर झाले ते खांद्यावरच्या वजनावरून कळतं. तीन झाले, चार झाले. पाचव्याला माझ्या उजव्या मांडीत चमक भरली. मग माइकवरून ओरडा ऐकू आला, "सहा! सहा थर!" सोनलने सलामी दिली होती. आता उतरायचं.

तेवढ्यात निवेदक ओरडला, "ताई, तशीच थांब! पाहुणे स्टेजवर येतायत, एक फोटो होऊन जाऊ दे!"

सोनल थांबली. आणि माझा गुडघा हलायला लागला. मी त्याला सांगत होते, थांब रे बाबा, थांब. तो ऐकेना. सोनलच्या कमरेला दोरी होती. मधल्या चार थरांतल्या मुलींना काहीच नव्हतं, आणि त्या माझ्यावर उभ्या होत्या.

काकांनी माझा गुडघा बघितला. ज्या माणसाने मला कधी आवाज चढवून हाक मारली नव्हती तो जिवाच्या आकांताने ओरडला, "सोनल, उतर!" माइकपुढे ते तिला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. मग ते कडेच्या मुलींमधून आत घुसले, खाली बसले, माझ्या गुडघ्यांना दोन्ही हातांनी मिठी मारली आणि खांदा माझ्या मांडीला लावला.

"सोडू नको. साठ मोज."

आम्ही दोघं मोजायला लागलो. चाळीसपर्यंत त्यांचा आवाज होता. पुढे नुसता श्वास, शिट्टीसारखा. वरून कोणीतरी उतरलं, मग आणखी कोणीतरी. प्रत्येक पाय माझ्या खांद्यावरून जाताना मला वाटत होतं, आता गेलो. शेवटचा पाय उचलला गेला तेव्हा मी अकरावर होते.

सगळ्या नाचायला धावल्या. काका तिथेच बसून होते, ओठ पांढरे, शर्ट अंगाला चिकटलेला. मी पाणी दिलं.

"सकाळी नाचलंस मा?"

"हो, काका."

"मग सांगूक व्हया होता. दुसरीक उभी केली असती." दोन घोट प्यायले आणि हसले. "माझी ताकद आज सगळी संपली गो. मागे काय ठेवलंय नाय."

मला हसू आलं नाही. भर रस्त्यात रडले.

त्यांच्या हृदयाचं दुखणं आम्हाला नंतर कळलं, काकींकडून. डॉक्टरांनी वजन उचलायला कधीच बंदी केली होती, आणि पोरींना सांगायचं नाही असं काकांनी काकींना बजावलं होतं. कुंड्यांची चौकशी म्हणजे दम घेणं होतं. हे ऐकल्यापासून मला त्या जिन्यातून वर जाववत नसे. तरी जायचे. माझ्यामुळे दुखणं वाढलं का, असं काकींना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांचा काय विचारतंस? ते आधीच ठरवून बसलेले."

माघात एका सकाळी काका गेले.

जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर अडकलं. इमारतीतले पुरुष एकमेकांवर ओरडायला लागले, उभं करा, आडवं करा. सोनल पुढे झाली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा बाजूला. आम्ही आणतो."

आम्ही जोडीजोडीने पायऱ्यांवर उभ्या राहिलो आणि काकांना चादरीत घेऊन हातांवरून हातांवर खाली देऊ लागलो. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी कुंड्या आधीच भिंतीशी सारून ठेवल्या होत्या. मी सगळ्यात खाली होते. वरून सोनलने मोजायला सुरुवात केली, साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. कोणी घाई केली नाही.

शेवटची पायरी उतरून आम्ही काकांना अंगणात टेकवलं. मग माझा गुडघा हलायला लागला. मी तो हलू दिला.