अढीतली केळी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी बातमीदार आहे. कोण, कुठे, कधी हे पहिल्याच वाक्यात लिहायची सवय. इथे मात्र — नऊ वर्षं झाली, पहिलं वाक्य जमत नव्हतं.

लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा चौघं होतो: आई, दादा, मी आणि त्याच वर्षी लग्न होऊन आलेली वहिनी. गावाहून कच्च्या हापूसची पेटी आली. आईने नेहमीसारखी खाटेखाली पेंढ्यात अढी लावली. आठ दिवस ती उघडायची नाही. आंबे अक्षय तृतीयेच्या नैवेद्याला हवे होते. त्या दिवशी वहिनीच्या माहेरचे वडाळ्याहून पहिल्यांदाच जेवायला येणार होते. आईचा आणखी एक नियम — पाळीत अढीजवळ जायचं नाही, फळ नासतं. मी माझे दिवस आईला सांगतच नसे. वहिनी नवी होती. अढी लागली त्याच दिवसांत तिने आपले सांगितले.

त्याच आठवड्यात मी फळं पिकण्यावर लेख लिहीत होते. एका शास्त्रज्ञ बाईंनी फोनवर समजावलं होतं: पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. ते वनस्पतीचं संप्रेरक. शेजारच्या कच्च्या फळाला तो लागला की तेही पिकू लागतं, आणि मग स्वतःही तोच वायू सोडतं. केळी यात पटाईत. मला लेखाला शेवट हवा होता — ‘आम्ही घरी करून पाहिलं’ असा. मग काय केलं असेल मी?

डझनभर पिकलेली केळी पेंढ्याच्या तळाशी ठेवली. दोन दिवसांनी काढणार होते. मध्येच ऑफिसने बाहेरगावी पाठवलं आणि मी ती विसरले. विसरणं हा गुन्हा नव्हे, असं तुम्ही म्हणाल. तेच सांगतेय — गुन्हा पुढे आहे.

परत आले तेव्हा जिन्यातच वास आला. घरात कोणी नव्हतं. खाटेखाली हात घातला. खालचे आंबे बसले होते, रस पेंढ्यात उतरला होता. काळी, चिकट केळी मी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि चाळीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी आईने पेंढा बाजूला केला आणि वहिनीकडे वळली.

“खरा सांग गो, हात लावलंस मा?”

“नाही हो, आई. फक्त केर काढला खाटेखालचा.”

“मग? आणखी काय कारण रवला?”

“आंब्यांनी पण कॅलेंडर बघितलं वाटतं,” दादा म्हणाला.

मी हसले. हे लिहिताना सगळ्यात जास्त वेळ या दोन शब्दांना लागला. एका वाक्याचं काम होतं. कारण ठाऊक असलेली त्या खोलीत मी एकटीच होते — आणि मी हसले.

वरचे आंबेही आईला नैवेद्याला चालले नाहीत; तृतीयेला ताटात आंबा नव्हता. का नव्हता, ते आईने वहिनीच्या आईला सगळ्यांसमोर सांगितलं. त्या बाईंनी मान खाली घालून वरणभात संपवला. माझा लेख छापून आला. शेवटचा परिच्छेद मी काढला होता.

तेव्हापासून आंब्याच्या दिवसांत वहिनी खाटेच्या कडेपर्यंतच झाडते आणि केरसुणी माझ्या हातात देते. पाळी असो, नसो. नऊ वर्षं मी ती केरसुणी घेतलीय. भ्याले कोणाला? आईला? माझ्या हुशारीच्या नावाला? उत्तर सापडलं तरी त्याने काही हलकं होत नाही.

यंदा आईचे गुडघे वाकत नाहीत. पेटी सकाळी आली. “तूच लाव गो,” म्हणाली. पेटीचे खिळे मी अजून काढलेले नाहीत. आधी हा कागद वाचायचा — आईसमोर, दादासमोर, वहिनीसमोर — आणि मग पेंढ्याची मोळी वहिनीपुढे ठेवायची. ती उचलेल की नाही, ते तिचं. पण हे घर नासलेलं नाही, एवढं मला दिसतं. आत्तासुद्धा वहिनी आतून विचारतेय, “पेंढा उन्हात टाकला होता ना गं? ओला असला तर बुरशी येते.”

तिला हे सगळं येतं. नऊ वर्षं लांबून पाहत होती ती.

मी तिला बाहेर हाक मारली आहे. केरसुणी ठेवून ये, म्हटलं.