थांबणाऱ्यांच्या गटातला रॉस्को

डेट्रॉइटच्या पूर्व भागात रॉस्को टिलरीला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. आयुष्यभर त्याने सिटी बस चालवली. निवृत्त झाला आणि शुगर नि बीपी दोन्ही घरी मुक्कामाला आले. बायको गेल्यापासून जेवण म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातलं तळलेलं चिकन.

त्या वसंतात विद्यापीठातली नाओमी बेल चर्चच्या हॉलमध्ये आली. पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांत लोकांनी भाजी पिकवून खाल्ली, तर तब्येत खरोखर सुधारते का, हे तिला तपासायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. निम्म्यांना लगेच वाफे आणि बियाणं. बाकीच्यांनी वर्षभर नेहमीसारखं राहायचं, त्यांना वाफे पुढच्या वसंतात. नाहीतर तुलना करायची कशाशी?

रॉस्को थांबणाऱ्यांत गेला. त्याला डॉमिनोत हरवणाऱ्या शेजारणीला, डेल्फीन क्रचरला, वाफा मिळाला. जूनमध्ये ती कोलार्ड या पालेभाजीची जुडी कुंपणावरून नाचवत म्हणाली, "बघतोस काय? तू आपलं चिकन खा!"

हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. त्याने गुपचूप मागच्या अंगणात जुना बाथटब आणि बादल्या मांडून रताळी लावली, मोहरी पेरली. आई करायची तशी मोहरीची भाजी करू लागला, फक्त डुकराच्या मांसाऐवजी टर्की पक्ष्याचं धुरावलेलं मांस घालून. रताळ्याचा पालाही सोडला नाही.

ऑक्टोबरच्या तपासणीत नाओमी त्याच्या आकड्यांकडे बघतच राहिली. "मिस्टर टिलरी, बीपी केवढं उतरलंय! काय बदललंत?"

"कुठं काय? पाणी जास्त पितो."

संध्याकाळी त्याने बाथटबातली भाजी आणि उतरलेलं बीपी, सगळं फुशारकीने डेल्फीनला सांगितलं. तिला हसू आलं नाही.

"रॉस्को, वाफा न मिळालेलेही बरे झाले, असं दिसलं तर ती पोर काय लिहील? बागांचा काही उपयोग नाही म्हणून. मग पुढे आपल्याला जमीन कोण देईल?"

रॉस्कोला घास गोड लागेना. दुसऱ्याच दिवशी तो पिशवीभर पाला घेऊन नाओमीसमोर उभा राहिला. "पोरी, पाणीबिणी काही नाही. हे खाल्लं मी."

नाओमीने कपाळाला हात लावला आणि मग खो खो हसत सुटली. "तुम्ही माझा अभ्यास आतून कुरतडलात हो!"

"मग माझं नाव काढून टाक."

"नाही काढता येत. चिठ्ठीत ज्या गटात आलात त्याच गटात मोजायचं, असा नियम आहे. तुमच्यामुळे फरक जरा कमी दिसेल. पण खरं काय झालं ते मी लिहीन."

त्या दिवसापासून रॉस्को थांबणाऱ्यांचा मुकादम झाला. कुणाच्या खिडकीत कुंडी दिसली की दार ठोठावायचा. "वसंतापर्यंत मातीला हात लावायचा नाही! माझ्यासारखा गाढवपणा करू नका."

निकाल आले तेव्हा वाफेवाल्यांच्या ताटात भाजी स्पष्टपणे वाढलेली होती. बीपी थोडंच उतरलं होतं, पण उतरलं होतं. तेवढ्यावर पुढच्या वर्षाचे पैसे मंजूर झाले. रॉस्कोला वाफा मिळाला तो नेमका डेल्फीनच्या शेजारी. पहिल्याच दिवशी त्याने पेरलेल्या ओळीकडे बघून ती म्हणाली, "इतकी वाकडी? बसही अशीच चालवायचास का रे?"

"चढलीस कधी माझ्या बसमध्ये?" असं म्हणत त्याने तिच्याकडे पाण्याची झारी मागितली.