अय्युब मुलाणी आणि ठमाबाईची बाज

इंदापुरात अय्युब मुलाण्याला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही, आणि चारचौघांत ओळख दाखवील असंही घर सापडायचं नाही. धंदाच तसा. घरात नाग निघाला तर माणूस वेशीपर्यंत सांगत सुटतो. ढेकूण निघाला तर सख्ख्या भावाला कळू देत नाही.

म्हणून अय्युबच्या मोटारसायकलीला पाटी नव्हती. औषधाचा पंप खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला, खिशात टेस्टर. कुणी विचारलं तर तो वायरमन. कुठं पाण्याच्या मोटारीचा मिस्त्री, कुठं विम्यावाला. बारामतीच्या एका सोसायटीत बाईनं शेजारणीला सांगितलं, की हे पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेत. शेजारीण म्हणाली, "मग जाताना आमचाबी बघा." अय्युब गेला, तर तिनं दार लावून घेतलं आणि मुकाट्यानं सोफ्याकडं बोट दाखवलं.

तरुणपणी तो बाजारातल्या धान्याच्या गोदामात हमाली करायचा. तिथं पोत्यांना धुरी द्यायला माणूस यायचा, त्याच्या हाताखाली तो सोंडे-किड्याचं शास्त्र शिकला. पुढं झुरळं, उंदीर, वाळवी सगळं आलं, पण त्याचा खरा हात ढेकणावर. नाक असं, की उंबऱ्यात पाय टाकला की सांगायचा, हाय का न्हाय. चुरगळून ठेवलेल्या जुन्या कोथिंबिरीसारखा वास येतो म्हणायचा. पंचावन्न वर्षांचा, काडीसारखा माणूस. टोपी मात्र कायम पांढरी धुतलेली, कारण कपड्यावर काही चढलं तर आधी तिथं दिसतं.

घरी जमीलाचा कायदा चाले. अय्युबनं अंगणातच कपडे बदलायचे, गरम पाण्यात टाकायचे, मग आत यायचं. आणि तिच्या स्वैपाकघरातल्या मुंग्यांना हात लावायचा नाही. मुंग्यांच्या रांगेला ती चिमूटभर साखर टाकी. अय्युब काही बोलला तर म्हणे, "बाहीर लई मारताय की. हितं ऱ्हाऊ द्या जरा." जिल्हाभर लोकांच्या घरातले किडे मारणारा माणूस आपल्या घरात साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवून जेवायचा.

त्याचा स्वतःचाही एक कायदा होता. एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं न्हाय. ढेकूण बी न्हाय आन गोष्ट बी न्हाय. तीस वर्षांत त्यानं तो मोडला नव्हता.

गेल्या फाल्गुनात त्याला सुयोगचा फोन आला. भिगवण रस्त्याला पेरूच्या बागेत त्याची वस्ती. मार्गशीर्षात लग्न झालेलं. आवाज असा बारीक, की घरात कुणी गेलं का काय असं वाटावं.

"चाचा, आज येता का? आजच या. दुपारच्या आत."

"एवढं काय पेटलंय?"

"सांजच्याला सासरं यायचेत टेंपू घिऊन. संजीवनीला न्यायला." थोडं थांबून म्हणाला, "गादीसकट."

अय्युब वस्तीवर पोचला तेव्हा अंगणात चिंचेच्या सावलीबाहेर नवी कोरी डबल गादी उन्हात टाकलेली होती, एखाद्या गुन्हेगारासारखी. पायरीवर नव्या नवरीची बॅग भरून ठेवलेली. बॅगेशेजारी संजीवनी बसलेली. बाही खाली ओढलेली, तरी मनगटावरच्या गांधी झाकल्या जात नव्हत्या.

आणि ओट्यावर ठमाबाई. सुयोगची आई. बहात्तर वय, आवाज मात्र अजून चाळिशीतला.

"ये रं मुलाण्या. बघ आमच्या घराला काय लागलं ते. पन्नास वर्सं मी ह्या घरात ऱ्हातीया, एक ढेकूण ठावं न्हाय. हिची गादी आली आन म्हैन्यात हिच्या अंगावर गांधी. म्हायेरनं आनलं, आनखी काय? रुखवतात भांडी देत्यात, कुनी ढेकूण देतंय व्हय?"

संजीवनीनं बॅगेचा पट्टा घट्ट केला. तिचं बोलून झालेलं असावं.

"आक्का," अय्युब म्हणाला, "तुमाला चावत न्हाईत?"

"मला?" ठमाबाईनं दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे करून उन्हात धरले. "दाव एक टिपका. एक."

हात खरंच स्वच्छ होते. अय्युबनं पाहिले, मान हलवली, आणि बॅटरी काढली.

आधी गादी. एटीएमचं मोडकं कार्ड होतं त्याच्याकडं, शिवणीत सारायला. चारी कडा सारल्या, बटणं उलटी केली. एका कोपऱ्यात तीन ढेकूण निघाले, अंगानं भरलेले, सैरभैर. घर नव्हतं त्यांचं तिथं. पाहुणे आले होते. ढेकूण जिथं नांदतो तिथं त्याचा संसार दिसतो. काळे ठिपके, अंड्यांची पांढरी टरफलं, कात टाकल्याची पिवळी सालपटं. गादीत त्यातलं काही नव्हतं.

मग त्याचं नाक त्याला मधल्या खोलीत घेऊन गेलं. तिथं ठमाबाईची बाज होती. बाभळीची, काथ्यानं विणलेली, हाताएवढ्या जाड खुरांची. अय्युबनं सांध्यात कार्ड घातलं आणि बाहेर काढलं. कार्डावर दहा-पंधरा वर्षांचा इतिहास आला. सालपटांचे थरावर थर. सांध्याचं लाकूड आतून शाईसारखं काळं झालेलं.

तो तिथंच उकिडवा बसून राहिला.

त्याला सगळं दिसलं. म्हातारीच्या अंगाला इतक्या वर्षांची सवय. ते रोज जेवून जात असतील, आणि तिच्या कातडीवर रेघ उमटत नसेल. पोरगी नवी, तिचं अंग नवं, पहिल्याच महिन्यात गांधी आल्या. आणि घरात जिच्या अंगावर दिसलं तिच्यावरच आलं.

आता बाहेर जाऊन सांगावं, तर एका वाक्याचं काम. आक्का, ढेकूण तुमच्या बाजंतलं हाय. पोरीची बॅग आत जाईल. पण अय्युबनं घरं पाहिली होती. सुनेसमोर, पोरासमोर, एका मुलाण्याच्या तोंडून ठमाबाई घाण ठरली असती. आज पोरगी राहिली असती आणि उद्यापासून तिचं तिथं पाणी पिणं अवघड झालं असतं. सून जिंकली आन सासू हरली, त्या घरात सून नांदत न्हाय, हे त्याला औषधापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

आणि न सांगावं, तर टेंपो निघालेलाच होता.

तो बाहेर आला. "सुयोग, जरा हात लाव. घरातली सगळी लाकडं बाहीर काढायची. पलंग, बाज, पाट."

"बाज कशाला?" ठमाबाई उठून उभी राहिली. "बाजंला कुनी हात लावायचा न्हाय. मालकांची बाज हाय ती. त्येंचा जीव गेला तिच्यावर."

"म्हनून तर सांगतुया, आक्का. औषध मारायचं तर घर रिकामं पायजे. एक लाकूड आत ऱ्हायलं तर माझं काम वाया." मग आवाज उतरवून म्हणाला, "मालकांच्या बाजंला माझा पंप नको. उकळतं पानी ठिवा, तुमीच आपल्या हातानं सांध्यात वता. पूर्वी करायचा तसं."

हे तिला पटलं. पूर्वी करायचो तसं, म्हटलं की म्हातारं माणूस निम्मं वळतं. पाणी चुलीवर चढलं. बाज अंगणात आली, गादीपासून चार हातांवर. अय्युबनं सुयोगला औषध कालवायला विहिरीकडं पाठवला, संजीवनीला आतली भांडी झाकायला. अंगणात उरले दोघं.

ठमाबाईनं तपेलीची धार पहिल्या सांध्यात सोडली.

काय निघालं ते सांगण्यासारखं नाही. मूठ मूठ निघाले. खुरावरून ओघळ लागला, जिवंत आणि मेलेले एकत्र. म्हातारीची धार थांबली. तिनं दुसऱ्या सांध्यात ओतलं, तिथंही तेच. तिसऱ्यात ओतायला तिचा हात उठला नाही.

अय्युब चिंचेकडं तोंड करून पंपाची नळी साफ करत बसला. नळी साफच होती.

"मुलाण्या."

"जी आक्का."

"मग मला कसं चावलं न्हाईत?"

"चावलं की. तुमच्या आंगाला सव पडली. सुनंचं आंग नवं, त्येला कळलं."

ठमाबाईनं खुरावरचा ओघळ तपेलीच्या काठानं निपटला. "तिला कळलं," ती म्हणाली, "म्हनून तिच्यावर आलं व्हय." आणि उरलेलं पाणी तिनं तिसऱ्या सांध्यात रागानं ओतलं, कुणावर राग ते काही कळलं नाही.

तेवढ्यात टेंपो वळला. सांज व्हायच्या आधीच मोहनराव आले, संजीवनीचे वडील, सोमेश्वरनगरकडचे. भाज्या पिकवणारा साधा माणूस. टेंपोतून खाली उतरता उतरता टोपी हातात घेतली त्यांनी. मागं हौद्यात आणखी एक कोरी गादी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली.

"ईहीनबाई," ते फाटकातूनच बोलायला लागले, "चूक आमची हाय. गादी भरून घेतली तवा मी उभा ऱ्हायलो न्हाय. कापूस जुना घातला आसंल त्येनं. ही दुकानातली आनलीया, पॅक. पोरीला ठिवून घ्या. न्यायला लावू नका."

आवाज ऐकून संजीवनी दारात आली. सुयोग विहिरीवरून बादली घेऊन आला आणि बादली तशीच हातात धरून उभा राहिला. अय्युबनं खाली मान घातली. जे करायचं ते त्याचं करून झालं होतं. आता म्हातारी काय म्हणेल त्यावर होतं.

तिनं तपेली खाली ठेवली. पदरानं हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"मोहनराव, टोपी घाला डोक्याव. तुमच्या कापसात काय बी न्हाय."

"मंग?"

"ढेकूण आमच्या मालकांचं हाय."

कुणालाच उमगेना. ठमाबाईनं बाजेकडं हात केला.

"कोर्टाच्या तारखंला पुन्याला जायचं. आठ-आठ दिस लॉजवर ऱ्हायचं. बांधाची केस तर हरलं, येताना हे घिऊन आलं. मला मेलीला इतकी वर्सं पत्ता न्हाय. पोरीच्या अंगानं सांगितलं, तवा कळलं."

मालक वारून अकरा वर्षं झाली होती. आपली बाजू मांडायला ते काही आले नाहीत. सुयोगच्या तोंडून हसू फुटलं.

"दात काढाया काय झालं?" ठमाबाई त्याच्यावर धावली. "बायकूची बॅग आत ने. आन तिची गादी झाडून घे, मुलाणी सांगंल तसं." मग ती टेंपोकडं गेली, हौद्यातल्या गादीचा कोपरा प्लॅस्टिकवरून दाबून पाहिला. "आन ही परत कशाला न्हेताय येवढ्या लांब. ऱ्हाऊ द्या. मला बाजंवर हातराय हुईल."

मोहनरावांनी टोपी घातली. गादी उतरवताना त्यांच्या तोंडावर हसू होतं. अय्युब मनात म्हणाला, म्हातारी खरं बी बोलली आन गादी बी घेतली. ह्यापरीस सरळ माणूस तालुक्यात घावायचं न्हाय.

संजीवनीनं दारातूनच विचारलं, "आत्या, च्या किती जनांचा ठिवू?"

"मोज की. आन मुलाण्याला पुडीतली बिस्किटं दे, मोडकी नको."

ढेकणाला एका फेऱ्याचं औषध पुरत नाही. अंडी राहतात, ती पंधरा दिवसांत फुटतात, म्हणून दुसरा फेरा मारावा लागतो. अय्युब पंधराव्या दिवशी गेला. बाज मधल्या खोलीत जागेवर होती, खुरांना रॉकेल चोळलेलं, वर मोहनरावांची गादी, आणि गादीवर ठमाबाई.

"काय आक्का, चावलं का काय परत?"

"मला काय इचारतूस? माझ्या आंगाला कळतंय व्हय?" तिनं आत तोंड करून हाक मारली. "संजे, ये गं हिकडं. हात दाव ह्याला."

संजीवनी कणकेचे हात धुऊन आली आणि बाह्या सारून ते उंबऱ्याच्या उजेडात धरले. अय्युब पुढं झाला, तर ठमाबाईनं त्याला बाजूला सारलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सुनेचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन, उलटेसुलटे करून, आधी आपणच बघायला लागली.