ताईची गोधडी

पुतण्याला फिल्मसाठी जुनी गोधडी हवी होती. ताईने माझ्या लग्नात शिवून दिलेलीच त्याने उचलली. मला नको म्हणवेना.

काल हॉलमध्ये ती फिल्म पाहिली. एक बाई काही न बोलता गोधडीचे टाके उसवत बसते आणि वेडी होत जाते. टाळ्या पडल्या. "किती खोल आहे!" जाऊबाई म्हणाल्या.

माझी ताई खरंच अशी बसायची. सासरच्या उशा, अंथरुणं उसवायची. तिला मिरच्यांची धुरी दिली, मग माहेरी आणून टाकली. तिथेच ती गेली. तेव्हा याच जाऊबाई म्हणाल्या होत्या, "नाटकं आहेत नुसती."

"काकू, ही गोधडी. उसवलीय हं," पुतण्या म्हणाला.

माझ्याकडे आली की ताई हिच्यावरून हात फिरवायची. वेडातही तिने हिचा एक टाका काढला नाही. शहाण्यांनी सगळे काढले.