ज्योतीरामांची पिवळी चिठ्ठी

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत राहणारे ज्योतीराम चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासतात. मूळचे अंबाजोगाईकडचे. चोवीस वर्षांत त्यांनी दोनच निर्णय दिले: ओके किंवा रिजेक्ट. शंकास्पद मालाला लावायची 'होल्ड'ची पिवळी चिठ्ठी त्यांनी कधी वापरली नाही. तो त्यांना पळपुटेपणा वाटतो. घरीही हाच शिरस्ता. ताटात आलेली भाकरी उजेडाकडे धरून ते कडा न्याहाळतात आणि निकाल देतात. तो बहुधा प्रतिकूल असतो.

म्हणूनच गेल्या वर्षी एका दुपारी, अंगात ताप असताना, त्यांनी कोळसा झालेली भाकरी 'ओके' म्हणून मुकाट्याने खाल्ली, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदुताई चरकल्या. नव्या बुटांनी टाचेला झालेली जखम ज्योतीरामांनी आठवडाभर लपवली होती. "ह्यांचं डोकं ठिकाणावर न्हाई," म्हणत इंदुताईंनी रिक्षा बोलावली. निदान सेप्सिसचे झाले. जखमेतला संसर्ग सर्वांगात भिनला होता आणि त्याच्याशी लढताना शरीर स्वतःलाच जाळू लागले होते. सहा दिवस अतिदक्षता विभागात काढून ज्योतीराम वाचले.

घरी सोडताना डॉक्टर ऋचा म्हणाल्या, "रक्तात ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. उजाडायच्या आत कंपनीच्या बसमध्ये बसता, दिवसभर छपराखाली. असा दाह आवरायला हे जीवनसत्त्व मदत करत असावं."

"असावं म्हणजे? ओके का रिजेक्ट, मॅडम?"

"संशोधन चालू आहे. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. तुम्हाला वाचवलं ते वेळेवर मिळालेल्या औषधांनी आणि ताईंच्या करपलेल्या भाकरीनं. पण कमतरता भरून काढायला हवी. आठवड्यातून एक पुडी, दुधातून. सुट्टी कधी असते?"

"गुरुवारी."

विसर पडू नये म्हणून डॉक्टरांनी मराठीत लिहून दिले: 'सुट्टीच्या दिवशी एक पुडी.' ज्योतीरामांनी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून फ्रिजवर लावला, कारखान्यात यंत्रापाशी सूचना लावतात तसा. लेखी सूचनेत स्वतःची अक्कल मिसळायची नाही, हा त्यांचा नियम.

दोन गुरुवार सुरळीत गेले. मग मागणी घटली आणि कंपनीने ब्लॉक क्लोजर जाहीर केला: सलग सहा दिवस सुट्टी.

सहाव्या दिवशी इंदुताईंनी डबा उघडला. "अहो, बारातल्या चारच पुड्या कशा?"

"रोज सुट्टी, रोज एक पुडी."

"आठवड्याची होती ती!"

"कागदावर आठवडा कुठंय? दाखव."

तो खरोखरच नव्हता. पण ज्योतीरामांचा चेहरा उतरला. कालपासून मळमळत होते, घास जात नव्हता, हे त्यांनी पुन्हा लपवले होते. हळूच म्हणाले, "परत त्या काचंच्या खोलीत तर न्हाई ना ठेवणार?"

दवाखान्यात डॉक्टर ऋचांनी स्वतःच लिहिलेला कागद दोनदा वाचला. "हा कागद रिजेक्ट. चूक माझी." ड जीवनसत्त्व अती झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते, म्हणून त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवले. अहवाल येईपर्यंत बाकावर दोघे बसून होते. ज्योतीरामांनी समोरच्या वाकड्या खुर्चीलासुद्धा नावे ठेवली नाहीत, याचाच इंदुताईंना घोर लागला.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. "कॅल्शियम ठीक आहे. मी पुन्हा तपासून सांगेपर्यंत पुड्या बंद."

"म्हंजे रिजेक्ट?"

"तसं नाही हो."

"मग ओके?"

"होल्ड!" इंदुताई कडाडल्या. "इतकी वर्षं खिशात घेऊन हिंडता ना ती पिवळी चिठ्ठी? लावा आता!"

घरी येऊन ज्योतीरामांनी उरलेल्या चार पुड्यांच्या डब्यावर आयुष्यातली पहिली पिवळी चिठ्ठी चिकटवली. मग पाटावर बसले. इंदुताईंनी भाकरी वाढली आणि निकालाची वाट पाहत उभ्या राहिल्या.

ज्योतीरामांनी ती दिव्याकडे धरली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"एका अंगानं जाड हाय. रिजेक्ट."

"मग उपाशी बसा," म्हणत इंदुताईंनी पदराने डोळे पुसले आणि तितकीच जाड दुसरी भाकरी थापायला घेतली.