पाय त्यांचे न्हाईत

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं. उदगीरच्या ठाण्यात मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. लोक ठाण्यात यायचे ते काही हरवलं म्हणून, नाहीतर कुणी मारलं म्हणून. "मी मेलो न्हाई, एवढं लिहून द्या," म्हणत आलेला माणूस नोकरीभरात एकच.

भर दुपारी आला. चाळिशीचा, अंगाला कापूस चिकटलेला. त्यानं नाव-गाव सांगितलं आणि मी टाक खाली ठेवला. त्याच्या मरणाचा पंचनामा सहा महिन्यांपूर्वी मीच लिहिला होता.

झालं होतं असं. ओढ्याकाठी एक प्रेत सापडलं. तोंड जनावरांनी खाल्लेलं. गळ्यात मात्र लिंग ठेवायची रुप्याची डबी, चौकट म्हणतात ती. लिंगायत माणूस मरेपर्यंत गळ्यातलं लिंग काढत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्याच आठवड्यात एक बाई नवरा हरवल्याची रपट देऊन गेली होती. तिला बोलावलं. चौकटीवरचा पोचा तिनं लगेच ओळखला. पण नजर प्रेताच्या पायांवरून हलेना.

"अमीनसाब, पाय त्यांचे न्हाईत."

"लिंग त्याचं, मग पाय काय उसने आणले?" मी खेकसलो. माझी जीभ तेव्हा फार चालायची. वरून मिसल, म्हणजे प्रकरणाचे कागद, बंद करा म्हणून साहेबाचा तगादा होता. बाईनं मुकाट अंगठा उठवला. जंगमानं, म्हणजे लिंगायतांच्या पुजाऱ्यानं, त्यांच्या रीतीनं तो देह खड्ड्यात मांडी घालून बसवला, तळहातावर लिंग ठेवलं आणि वर माती लोटली.

आणि आता हा माझ्यापुढं उभा.

"ओढ्याला पाणी होतं. दोरा तुटला, लिंग वाहून गेलं," तो सांगू लागला. "ज्याचं लिंग गेलं त्यानं जगू नये म्हणतात आमच्यात. घरी कोणत्या तोंडानं जाऊ? नांदेडला कापसाच्या कारखान्यात राहिलो. आता लई झालं, बायकोकडं जायचंय. पण गावात पाय ठेवला की लोक दारं लावून घ्यायलेत."

वाहून गेलेलं लिंग कुणाला तरी सापडलं असणार, त्यानं गळ्यात घातलं असणार. तो कोण, कुठला, कसा मेला, मला आजतागायत कळलेलं नाही.

मी स्वतः त्याला गावी घेऊन गेलो. लख्ख ऊन, आणि गल्लीत चिटपाखरू नाही. आम्ही पुढं जाऊ तशा मागं कड्या वाजत होत्या. एवढी वर्दी अंगावर असून मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

बाई दारात उभी होती. तिनं आधी त्याचे पाय पाहिले.

"चूक माझी," मी म्हणालो. "हा तुझा नवरा. कागद मी दुरुस्त करतो."

"हाव. हेच हायती." पण ती दारातून बाजूला झाली नाही. "तिथं बसलाय त्याचं काय करू, अमीनसाब? तो कुणाचाच न्हाई. ह्यांचं लिंग त्याच्या हातात दिलंय. दर सोमवारी निवद घेऊन जाते, चार गोष्टी बोलते. त्या दिशी पायाचं सांगितलं, तुम्ही ऐकलं न्हाई. तो ऐकतो."

नवरा हळूच म्हणाला, "कुठं बसवलंय मला, दाखव."

तिनं दाखवलं. मातीच्या ढिगाऱ्यासमोर तो मांडी घालून बसला आणि रिकामा तळहात पुढं केला, जणू आतल्यानं त्याचं त्याला परत द्यावं. "ऊठ, गड्या," म्हणालो. तो उठला नाही.

उर्दूत चार ओळी लिहून मी त्याला सरकारदरबारी जिवंत केला. तेवढंच माझ्या हातात होतं. पुढं तो कागद ऐकून गावकऱ्यांची भीती गेली आणि त्यांनी समजावल्यावर बाईनं त्याला घरात घेतलंही. एका सोमवारी गस्तीवर असताना मी त्या वाटेनं गेलो. दोघं तिथंच बसले होते. तिनं भाकरी मोडली, अर्धी ढिगाऱ्यापुढं ठेवली, अर्धी नवऱ्याच्या हातावर. तो खाली मान घालून खाऊ लागला. ती घरातलं, शेतातलं सगळं सांगत होती, मातीकडं तोंड करून.