हरवलेला साचा

मेहरूण गावात कुंदाबाईच्या शिवणाच्या खोलीत भिंतीवरच्या खिळ्यांना साचे टांगलेले असत. सगळे एक्सरेच्या फिल्मचे. पुठ्ठ्याचा साचा दोन फ्रॉकांतच रंगानं भिजून मऊ पडे. फिल्म वर्षानुवर्षं टिके. दवाखान्यातून टाकून दिलेल्या फिल्म ती मागून आणी, ब्लेडनं वेल किंवा मोर कापी आणि साध्या पांढऱ्या कापडावर साचा ठेवून रंग फवारी. फवारायची स्प्रे गन नवऱ्याची. लीलाधर केळीच्या मळ्यांतल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करी आणि वर हिरवा रंग मारून देई.

त्याचा धंदा कानावर चाले. चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाशी धरायची आणि मोटार न खोलता सांगायचं, "पुढचं बेअरिंग गेलं, भाऊ."

अठ्ठ्याऐंशी साली शाळेच्या गॅदरिंगचे बावीस फ्रॉक दोन दिवसांत द्यायचे होते. फिल्म संपल्या होत्या. पेटीत लीलाधरच्या छातीचा फोटो होता, तीन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हाचा. माणूस ठणठणीत, मग फोटो कशाला लागतो, असं म्हणून तिनं त्यावर चाफ्याची वेल कापली. फ्रॉक सुंदर झाले. त्याला सांगायचं राहून गेलं.

एक्याण्णवला खोकला लागला. थुंकीत काही निघालं नाही, पण नव्या फोटोत उजवीकडे वर डाग दिसला.

"जुना फोटो घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "डाग तेव्हाचाच असेल तर औषध नको. नवा असेल तर क्षयाची इंजेक्शनं सुरू करू."

लीलाधरनं दोन दिवस घर उलथंपालथं केलं.

"कुंदा, तू पाह्यला का व तो फोटो?"

"हरवला असंन," ती मशीनवरून न उठता म्हणाली.

"तुह्या घरात चिंधी हरवत नाही, अन् माही छाती हरवली!" तो हसला. हसताना समोरच्या भिंतीकडेच बघत होता. तिथे लाल रंगाच्या थरांखाली त्याचाच फोटो लटकत होता. कापून टाकलेला फोटो आता कसला दाखवायचा, असं तिला वाटलं.

जुना फोटो मिळाला नाही, म्हणून नव्वद इंजेक्शनं ठरली. साठाव्यानंतर कानात शिट्टी वाजू लागली. दवाखान्यात सांगितल्यावर, ही इंजेक्शनं कानावर जातात म्हणून ती थांबवली, पण तोवर बेअरिंगचा बारीक आवाज गेला होता. वर्षभरात माणसांचं बोलणंही पुसट झालं. एका मळ्यात त्यानं चांगली मोटार खोलून ठेवली आणि बिघडलेली पास केली. त्यानंतर बोलावणी आटली. तो कुंदाबाईच्या फ्रॉकांना बटणं लावू लागला.

एकदा तो बाजारात गेला असताना तिनं तो साचा खाली काढला आणि रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. लाल थर निघाले, फासळ्या दिसू लागल्या. वेल मधून आणि डावीकडून गेली होती. उजवीकडचा वरचा भाग शाबूत होता. खिडकीत नवा फोटो शेजारी धरल्यावर दोन्हीकडे डाग दिसला, त्याच जागी, तेवढाच. तिनं साचा पेटीत तळाला, साड्यांखाली ठेवला.

पुढे शेजारच्या बेबाबाई नातीसाठी कापड घेऊन आल्या. "ती चाफ्याची वेल काढून दे व. गॅदरिंगवाली."

"तो साचा हरवला, अक्का."

बटणं लावता लावता लीलाधर तिच्या तोंडाकडे बघत होता. ओठांवरून त्याला तेवढा एकच शब्द कळला.

"काय हरवलं?" त्यानं मोठ्यानं विचारलं. "थांब, मी पाह्यतो." सुई कापडात खोचून तो उठला आणि पेटीकडे निघाला.

"राहू द्या!" कुंदाबाई ओरडली. त्याला ते ऐकू गेलं नाही. तो कडी काढू लागला तशी ती मशीन सोडून धावली आणि पेटीच्या झाकणावर बसली.

लीलाधर कडीवर हात ठेवून तिच्याकडे पाहत राहिला. या खेपेला तो हसला नाही.